गच्चीवरच्या यंत्राची खिडकी

गेल्या महिन्यात कराडहून एका भगिनींचे पत्र आले. त्या एका बँकेत काउंटरवर काम करतात. त्या लिहितात, 'डॉक्टरसाहेब, दुपारी तीन वाजले की माझे डोके जड होते, डोळे चुरचुरतात, जांभया येऊ लागतात. घरी जाऊन अर्धा तास अंगणात बसले की बरे वाटते. रक्तदाब, रक्त, चष्म्याचा नंबर सगळे तपासून झाले. शाखेतील आणखी पाच-सहा जणांची हीच तक्रार आहे.' पत्राच्या शेवटी त्यांनी एक वेगळाच प्रश्न विचारला आहे. त्यांची शाखा नव्या इमारतीत जाणार असून तेथे गच्चीवर मोठे यंत्र बसवून डक्टमधून गार हवा आणायची आहे. ठेकेदाराने कोटेशनमध्ये 'इकॉनॉमायझर' नावाच्या जोडसाहित्याची किंमत वेगळी दाखवली आहे. साहेबांचे म्हणणे असे, की ही वस्तू वीज वाचवण्यासाठी असते, तिचा आरोग्याशी काय संबंध? बाईंना माझे मत हवे आहे.

एरवी असे पत्र मी एखाद्या अभियंत्याकडे पाठवले असते. परंतु योग असा, की याच वस्तूच्या निवडीत २०२३ साली मी स्वतः दोन महिने गुंतलो होतो. तेही येथे नव्हे, अमेरिकेतील ओहायो राज्यात, कोलंबस शहरी, मुलीच्या दवाखान्यात. म्हणून आज औषधगोळ्यांची गोष्ट बाजूला ठेवून एका पत्र्याच्या झडपेविषयी लिहितो.

प्रथम बाईंच्या दुखण्याविषयी. एकाच जागी बसणाऱ्या अनेकांना एकाच प्रकारचा त्रास होतो, दिवस चढेल तसा वाढतो आणि बाहेर पडल्यावर तासाभरात कमी होतो, असे दिसले की रोग्याबरोबर इमारतही तपासावी लागते. डोकेदुखीला शंभर कारणे असतात. संगणकाच्या पडद्याची चमक, कमी पाणी पिणे, अपुरी झोप, चुकीचा चष्मा, ही सगळी पाहावीतच. पण सहा जणांचा चष्मा एकदम चुकत नाही.

आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड वायूचे प्रमाण सुमारे ४ टक्के असते. बाहेरच्या हवेत ते आज दहा लाख भागांत ४२० भागांच्या आसपास आहे. बंद खोलीत माणसे बसली की हे प्रमाण वाढत जाते. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली सांगितले होते, की ते दहा लाखांत एक हजारांच्या वर गेले की खोलीची हवा चांगली म्हणू नये. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हजार-दोन हजार या पातळीला हा वायू विष नसतो. तो खूण असतो. त्याच्याबरोबर श्वासातील ओलावा, शरीराचा वास, फर्निचर आणि रंगांतून निघणारी द्रव्ये आणि कोणी आजारी असेल तर त्याच्या श्वासातील जंतूही त्याच खोलीत साचत असतात. वायू मोजता येतो, जंतू येत नाहीत, म्हणून वायू मोजायचा.

आता वातानुकूलन यंत्र काय करते ते पाहा. पुष्कळांची समजूत अशी, की एसी बाहेरची ताजी हवा गार करून आत सोडतो. घरातला स्प्लिट एसी यातले काहीही करत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि पुन्हा खोलीत सोडतो. गच्चीवरच्या मोठ्या यंत्राला बाहेरची हवा घेता येते, पण घ्यावी लागतेच असे नाही. सगळा प्रश्न तेथे आहे.

तीच तीच हवा फिरवण्याचे काय होते, याचा एक दाखला वैद्यकात प्रसिद्ध आहे. १९७४ च्या वसंतात न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील एका प्राथमिक शाळेत दुसरीतल्या एका मुलीला गोवर झाला. तिच्यापासून २८ मुलांना लागण झाली आणि ही मुले १४ वेगवेगळ्या वर्गांतली होती. ज्या वर्गांत ती मुलगी बसतही नव्हती, तेथे गोवर कसा पोहोचला, याचा रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिती अभ्यास केला. तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. शाळेची हवा फिरवणारी यंत्रणाच जंतू एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेत असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्याच काळात तेलाचे भाव भडकले होते. बाहेरची हवा गरम वा गार करायला इंधन लागते, म्हणून १९८१ च्या अमेरिकी मानकाने धूम्रपान नसलेल्या कचेरीत दर माणशी मिनिटाला फक्त ५ घनफूट बाहेरची हवा पुरेशी मानली. त्या दशकात 'आजारी इमारती'च्या तक्रारींचा पूर आला. १९८९ साली ते मानक बदलून किमान १५ घनफुटांवर न्यावे लागले. काटकसर आणि श्वास यांचे भांडण असे जुने आहे. इकॉनॉमायझरची गंमत ही, की वर्षातील काही दिवस तरी तो या दोघांत समेट घडवून आणतो.

कोलंबसला माझ्या मुलीचा दंतवैद्यकाचा दवाखाना एका बैठ्या इमारतीत आहे. तिकडे दुकाने, शाळा, दवाखाने यांच्या सपाट छपरांवर लोखंडी कपाटाएवढी यंत्रे ठेवलेली दिसतात. त्यांना रूफटॉप युनिट म्हणतात. कॉम्प्रेसर, थंड होणारी जाळी, पंखा आणि हिवाळ्यासाठी गॅसचा हीटर, सगळे एकाच पेटीत. मुलीच्या दवाखान्याचे यंत्र साडेसात टनांचे होते आणि १८ वर्षे चालले होते. मी एप्रिलमध्ये गेलो तेव्हा ते बदलायचे ठरत होते.

पहिल्याच आठवड्यात मी एक दिवस दवाखान्यात बसून होतो. चारच्या सुमारास स्वागतकक्षातील बाईंनी कपाळाला हात लावला, मागच्या खोलीतील सहायिकेने गोळी मागितली, आणि मलाही पेंग येऊ लागली. मी मुलीला विचारले, 'रोज असेच होते का गं?' ती म्हणाली, 'बाबा, संध्याकाळी सगळेच दमतात. दिवसभर उभे राहायचे म्हणजे...' जावयाने करोनाच्या काळात घेतलेला कार्बन डायऑक्साइड मोजण्याचा छोटा मीटर कपाटात पडून होता. तो बाहेर काढला. सकाळी आठला आकडा ५००, दुपारी बाराला १३००, चारला १८५०. त्या वेळी आत आम्ही १४ माणसे होतो. हिशेब केला तर दर माणशी मिनिटाला जेमतेम ७-८ घनफूट बाहेरची हवा मिळत होती. तीही यंत्रातून येत नसून दारांच्या फटींतून येत होती, हे नंतर कळले. ज्या जागी रुग्ण तास-तासभर तोंड उघडून बसतात आणि दाताच्या गिरमिटामुळे थुंकीचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात, तेथे ही स्थिती होती. मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्र सांभाळणारा कारागीर आला. पन्नाशीचा, शांत माणूस. मी वयाचा मान राखून शिडीने छपरावर चढलो, मुलीने रागावले तरी. त्याने यंत्राची बाजूची पत्र्याची झाकणी उघडली आणि काही न बोलता बोटाने दाखवले. बाहेरची हवा घेणारी झडप घट्ट बंद होती. तिला हलवणाऱ्या मोटरची दांडी निखळली होती, आणि झडप उघडू नये म्हणून कोणीतरी ती तारेने बांधून टाकली होती. कधी काळी हिवाळ्यात कोणा कर्मचाऱ्याने अंगावर गार वारा येतो म्हणून तक्रार केली असणार आणि कोणा कारागिराने हा सोपा इलाज केला असणार. म्हणजे इकॉनॉमायझर होता, त्याचे पैसे भरलेले होते आणि किती वर्षे तो मेलेला होता कोणास ठाऊक.

हा अपवाद नव्हे. कॅलिफोर्नियात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लहान व्यापारी इमारतींच्या छपरांवरील इकॉनॉमायझर तपासले, तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक नादुरुस्त किंवा चुकीच्या रीतीने चालणारे निघाले. याचे कारण सोपे आहे. कॉम्प्रेसर बंद पडला तर खोली तापते आणि लोक ओरडतात. झडप बंद पडली तर कॉम्प्रेसर तिचे काम आपल्या अंगावर घेतो, खोली गारच राहते, फक्त वीजबिल वाढते आणि डोकी दुखतात. डोकेदुखीचे बिल कोणी छपरावर पाठवत नाही.

आता ही वस्तू आहे तरी काय? यंत्राच्या पोटात दोन झडपा असतात, त्यांना डँपर म्हणतात. एक बाहेरच्या हवेची, दुसरी खोलीतून परत येणाऱ्या हवेची. दोन्ही एकमेकींना जोडलेल्या असतात. एक उघडू लागली की दुसरी मिटू लागते. माणसे आत असताना बाहेरची झडप नेहमी थोडी उघडी ठेवायची, ही 'किमान फट'. श्वासासाठी लागते ती एवढीच. पण बाहेरची हवा खोलीपेक्षा पुरेशी गार झाली, की झडप आणखी उघडते आणि कॉम्प्रेसर न चालवता नुसत्या पंख्यावर खोली गार होते. समजा, खोलीतून परत येणारी हवा २४ अंश आहे, आत सोडायला १३ अंशांची हवा हवी आणि बाहेर १० अंश आहेत. तर ७९ टक्के बाहेरची आणि २१ टक्के आतली हवा मिसळली की काम झाले. वीज वाचली, ही मालकाची बाजू. आतल्या माणसांना किमान फटीच्या चार-पाचपट ताजी हवा मिळाली, ही माझी बाजू. खिडकी नसलेल्या इमारतीत ही झडप म्हणजेच खिडकी होय.

नव्या यंत्राच्या कोटेशनमध्ये जोडसाहित्याची यादी मोठी होती. सर्वांत स्वस्त, हाताने एकदा ठरवून ठेवायची झडप. तिच्यापुढे मोटरची, उघडी किंवा बंद अशा दोनच स्थिती असलेली झडप. त्यापुढे खरा इकॉनॉमायझर, आणि त्यातही तीन जाती: नुसते तापमान पाहणारा, बाहेरच्या हवेची एन्थाल्पी पाहणारा, आणि आतल्या-बाहेरच्या दोन्ही हवांची एन्थाल्पी ताडून पाहणारा. अमेरिकेच्या ऊर्जाविषयक मानकाने २०१० पासून बहुतेक हवामान विभागांत साडेचार टनांच्या वरील यंत्रांना इकॉनॉमायझर घालण्यास सांगितले आहे. तेव्हा घ्यायचा की नाही असा प्रश्न आमच्यापुढे फारसा नव्हताच. प्रश्न होता कोणता घ्यायचा. विक्रेत्याचा ओढा अर्थातच सर्वांत महागाकडे होता.

एन्थाल्पी हा शब्द जड आहे, अर्थ तितका जड नाही. हवेतील उष्णता दोन ठिकाणी असते: तापमापकावर दिसते ती, आणि हवेतील वाफेत दडलेली. आपल्याकडचा जुलै आठवा. पाऊस पडून गेला आहे, बाहेर २२ अंश आहेत, हवा ओलीचिंब. आत २४ अंश आणि हवा निम्मी कोरडी. तापमापक म्हणेल बाहेरची हवा गार आहे, घ्या आत. पण हिशेब केला तर बाहेरच्या किलोभर हवेत सुमारे ६२ किलोज्यूल उष्णता भरते, आतल्या हवेत सुमारे ४८. ती हवा आत घेतली तर गारवा दूरच, भिंतींना ओल येईल, कागद मऊ पडतील, बुरशी धरेल आणि दम्याचे रोगी माझ्यासारख्यांकडे येतील. म्हणून वाफेचीही मोजणी करणारा नियंत्रक कागदावर अधिक शहाणा दिसतो.

कागदावर. कारागिराचे म्हणणे ऐकून मी चकित झालो. तो म्हणाला, ओलावा मोजणारे सेन्सर छपरावरच्या ऊन-पावसात लवकर बिघडतात, हळूहळू खोटे बोलू लागतात, आणि त्यांचे खोटे कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे माझ्या वाचनात आले, की टेलर आणि चेंग या दोन अभियंत्यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये 'अश्रे' या संस्थेच्या मासिकात नेमके हेच मांडले आहे. सेन्सरांच्या नेहमीच्या चुका हिशेबात धरल्या, तर नुसते तापमान पाहणारा साधा नियंत्रक, मर्यादा योग्य ठेवली असता, बहुतेक ठिकाणी महागड्यांच्या बरोबरीचा किंवा सरस ठरतो. त्या मर्यादेचे गणित हवामानावर ठरते. कोलंबससारख्या दमट पण थंड विभागासाठी ती २१ अंश, त्याहून उष्ण आणि दमट भागांसाठी १८ अंश. बाहेर त्याहून जास्त असेल तर झडप किमान फटीवर परत यायची. मर्यादा खाली ठेवल्यामुळे ओली हवा बहुतांशी आपोआपच बाहेर राहते.

आम्ही साधा तापमानाचा नियंत्रक घेतला. वैद्यकातही असेच असते. ज्या तपासणीचा निकाल भरवशाचा नाही, ती कितीही आधुनिक असली तरी तिच्यावर शस्त्रक्रिया ठरवू नये. जुन्या यंत्राच्या नियंत्रकावर ए, बी, सी, डी अशा खुणा होत्या आणि काटा 'डी'वर होता. म्हणजे झडप सर्वांत कमी वेळा उघडणारी खूण. तार बांधलेली नसती तरी तिने फारसा श्वास घेतला नसता.

वाचलेले पैसे कोठे घालावेत यावर मात्र आमच्या घरात बरीच चर्चा झाली. मी वडीलपणाचा अधिकार वापरून चार गोष्टींसाठी हट्ट धरला. पहिली, झडप स्वतः मजबूत हवी. पाती घट्ट मिटणारी आणि मोटर थेट दांड्यावर बसवलेली, लोंबत्या जोडकाड्या नकोत. दुसरी, झडप सांगितल्याप्रमाणे हलली नाही तर आत भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर तक्रार दिसली पाहिजे. कॅलिफोर्नियाने २०१३ च्या नियमांत असे दोष ओळखणारे साधन सक्तीचे केले आहे आणि मला विचाराल तर संपूर्ण यादीतील सर्वांत आरोग्यदायी वस्तू हीच. तिसरी, कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर. तो गर्दीप्रमाणे किमान फट कमी-जास्त करतो. येथे विक्रेता आणि मी यांच्यात मतभेद झाला. तो म्हणे, माणसे कमी असताना फट जवळजवळ मिटवली की वीज वाचेल. मी म्हटले, दातांच्या दवाखान्यात माणूस एक असला तरी तुषार उडतातच. फट अमुक टक्क्यांखाली जाता कामा नये. शेवटी १५ टक्के किमान ठरले. तीन हजार घनफुटांच्या पंख्याला म्हणजे साडेचारशे घनफूट, १४ माणसांना दर माणशी बत्तीस.

चौथी गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटेल. बाहेरची इतकी हवा आत घातली तर तेवढीच बाहेर कोठून जाणार? वाट ठेवली नाही तर इमारत फुग्यासारखी फुगते. मुलीच्या शेजारच्या दुकानात मी पाहिले होते, गार सकाळी पुढचे दार आपोआप चार बोटे उघडे राही आणि शिट्टी वाजे. लहान इमारतीत, परतीची डक्ट आखूड असेल तर दाबाने आपोआप उघडणारी साधी झडप पुरते. डक्ट लांब असेल तर बाहेर फेकणारा वेगळा पंखा लागतो. आमचे काम साध्या झडपेवर भागले.

छपरावर आणखी एक गोष्ट माझ्या नजरेला पडली, ती अभियंत्याच्या नसती पडली असे मी थोड्या अभिमानाने म्हणतो. रुग्णांच्या तोंडातील पाणी-थुंकी ओढणाऱ्या पंपाची वाफाळ हवा जेथून बाहेर पडत होती, ती नळी यंत्राच्या हवा घेणाऱ्या तोंडापासून जेमतेम पाच फुटांवर होती. इतकी वर्षे झडप बंद होती म्हणून बरे, असे म्हणायची वेळ आली! संडास-मोरीच्या नळ्या, धुराडी, पंपांची तोंडे हवा घेण्याच्या जागेपासून किमान १० फूट तरी दूर असावीत, असा तिकडचा नियम आहे. ती नळी लांब आणि उंच करून घेतली.

मेच्या अखेरीस नवे यंत्र बसले. दुपारी चारचा आकडा आता ७५० च्या आसपास असे. डोकेदुखीच्या गोळ्यांची बाटली भरलेलीच राहिली, असे मुलगी सांगते. मी तिला सांगितले, एवढ्यावर शास्त्र ठरत नाही. नवे यंत्र आले या आनंदानेही डोकी थांबतात. पण आकडा कोणाच्या आनंदाने उतरत नाही.

आणि मग जूनच्या अखेरच्या आठवड्यात कॅनडातील वणव्यांचा धूर ओहायोपर्यंत आला. सकाळी आकाश पिवळट-करडे, सूर्य तांब्याच्या पैशासारखा, घशाला खवखव. हवा मात्र छान गार होती. मी न्याहारी करता करता एकदम उठलो. गार हवा म्हणजे झडप उघडणार! यंत्राला तापमान कळते, धूर कळत नाही. आम्ही केलेल्या सगळ्या शहाणपणामुळेच दवाखान्यात धूर भरला असता. मुलीने कारागिराला फोन लावला. त्याने थर्मोस्टॅटवरून इकॉनॉमायझर बंद करायला सांगितले, किमान फट मात्र तशीच ठेवायची. ती मिटवली तर इमारतीतला दाब कमी होतो आणि धूर दाराच्या फटींतून गाळल्याशिवायच आत येतो. यंत्रात आम्ही 'मर्व्ह १३' दर्जाचे गाळण बसवले होते, ते सूक्ष्म कणांचा मोठा भाग अडवते. असे दाट गाळण घालण्यापूर्वी पंख्याची ताकद पाहून घ्यावी लागते, नाहीतर हवाच कमी पडते. त्या आठवड्यानंतर 'इकॉनॉमायझर बंद' करण्याची रीत मुलीने मोठ्या अक्षरांत लिहून थर्मोस्टॅटजवळ चिकटवली.

आता कराडच्या भगिनींकडे वळतो. त्यांच्या साहेबांना माझे सांगणे असे, की तुमच्या प्रश्नात दोन वस्तू एकत्र झाल्या आहेत. बाहेरच्या हवेची किमान फट ही एक, आणि गारव्यासाठी झडप पूर्ण उघडणे ही दुसरी. पहिली बारा महिने, चोवीस तारखांना सुटीशिवाय हवी. तिच्यावर तडजोड करू नये. दुसरी आपल्या हवामानावर आणि कामाच्या वेळेवर अवलंबून आहे.

सातारा जिल्ह्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे आणि रात्री हवा पुरेशी गार असते, पण बँक चालते दिवसा. डिसेंबरातही दुपारी २८-३० अंश असतात. तेव्हा बँकेला फुकटचा गारवा मिळेल तो सकाळी दहा-अकरापर्यंत, तेवढाच. पावसाळ्यात वर सांगितलेल्या कारणाने झडप किमान फटीवरच राहिली पाहिजे, आणि मार्च ते मे तर प्रश्नच नाही. उलट सिनेमागृह, रात्रीची लग्ने होणारे मंगल कार्यालय, रात्री उशिरापर्यंत चालणारी अभ्यासिका यांना थंडीत त्याचा मोठा लाभ होईल, कारण तेथे गर्दी आणि गार हवा यांची वेळ जुळते. कोकणात चिपळूण, रत्नागिरीकडे या वस्तूवर खर्च करू नये. दमट किनारी हवामानाला आपल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेनेही यातून सूट दिली आहे. तिकडे किमान फट, चांगले गाळण आणि हवेतला ओलावा काढण्याची सोय पाहावी.

आपल्याकडचा धूर कॅनडातून येत नाही. ज्या महिन्यांत हवा गार असते, त्याच महिन्यांत उसाचे पाचट पेटते, गुऱ्हाळे धडधडतात, शेकोट्या लागतात, दिवाळीचे फटाके उडतात. म्हणून घेतलाच तर इकॉनॉमायझर हाताने बंद करण्याचे बटण आत, हाताशी असले पाहिजे आणि ते कोणाला दाबता येते हे ठरलेले असले पाहिजे. धुळीमुळे गाळण तिकडे तीन महिने टिकत असेल तर येथे महिन्याने पाहावे लागेल. जनरेटरचे धुराडे आणि यंत्राचे तोंड एकाच गच्चीवर शेजारी येणार नाही, हे तर नकाशावरच पाहावे.

बाईंच्या शाखेपुरते माझे मत विचाराल, तर मी एन्थाल्पीचा नियंत्रक घेणार नाही. तापमानाचा साधा इकॉनॉमायझर मिळत असेल आणि ठेकेदाराकडे तो दुरुस्त करणारा माणूस खरोखर जिल्ह्यात असेल तर घ्यावा. नसेल तर मोटरची भक्कम झडप, चांगले गाळण आणि कार्बन डायऑक्साइडचा मीटर एवढ्यावर पैसे घालावेत. कोटेशनमध्ये दर माणशी मिनिटाला किती घनफूट बाहेरची हवा मिळेल हा आकडा लिहून मागावा, आणि तो १५ पेक्षा कमी असेल तर सही करू नये. यात ग्राहकही मोजावेत. पगाराच्या आणि पेन्शनच्या दिवशी काउंटरपुढे किती माणसे उभी असतात हे ठेकेदाराला माहीत नसते, बाईंना माहीत असते.

आणि नव्या शाखेत जाईपर्यंत जुन्या जागेत काय करायचे? दर दोन तासांनी पंधरा मिनिटे समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, मागच्या बाजूचा बाहेर हवा फेकणारा पंखा असेल तर तो दुपारी चालू ठेवावा. बाईंनी एक मीटर आणून आठवडाभर दर तासाचा आकडा वहीत लिहावा आणि शेजारच्या रकान्यात कोणाचे डोके किती वाजता दुखले तेही. ती वही मला पाठवली तर मी अवश्य पाहीन. डोके दुखताना उलटी होणे, नजर धूसर होणे, सकाळी उठतानाच दुखणे अशी लक्षणे असतील तर मात्र वहीची वाट न पाहता डॉक्टरकडे जावे.